परक्या किनाऱ्यावरील वार्धक्य

नोकरींतून मुक्त झाल्यावर मनुष्यानें कोठें राहावें, हा प्रश्न आपण सामान्यतः हवापाण्याचा आणि खर्चाचा समजतों. डॉक्टर जवळ असावा, पाणी गोडें असावें, भाडें पेन्शनांत भागावें, आणि जमल्यास खिडकींतून कांहीं हिरवें किंवा निळें दिसावें. एवढें जुळलें कीं प्रश्न सुटला. माझ्या बरोबरीचे प्राध्यापक आतां दोन-चार वर्षांत निवृत्तीच्या उंबरठ्याशीं येतील, आणि मधल्या सुटींत चहाच्या पेल्यावर ह्या विषयाचा जो ऊहापोह चालतो त्यांतही ह्यापलीकडचें कांहीं निघत नाहीं. परंतु ह्या प्रश्नाच्या पोटांत दुसरा एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो नीतिशास्त्राचा आहे. ज्या गांवीं आपण तरुण नव्हतों, जेथल्या कोणत्याही कामाला आपला हात लागला नाहीं, त्या गांवीं जाऊन म्हातारा होण्याचा मनुष्यास अधिकार आहे काय? आणि असल्यास तो त्यास कशानें प्राप्त होतो?

प्रश्न मोघमपणें चर्चिल्यास त्यांतून उपदेशापलीकडे कांहीं निष्पन्न होणार नाहीं; म्हणून एक प्रत्यक्ष स्थळ डोळ्यांसमोर ठेवतों. स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर मालागा नांवाचें प्राचीन बंदर आहे. त्याच्या नैर्ऋत्येस थोड्याच मैलांवर टोरेमोलिनोस हा गांव. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो अगदीं लहान होता: वरच्या अंगास थोडी वस्ती, आणि खालीं समुद्राला लागून कारिवेला नांवाचा कोळीवाडा. ह्या किनाऱ्यावरचे कोळी 'हाबेगा' नांवाच्या लांबट होडींतून जाळें टाकीत. होडीच्या नाळीवर दोन्ही बाजूंस डोळे रंगविलेले असत. होडी समुद्रांत वळसा घालून परत येई, जाळ्याच्या दोराचीं दोन टोकें वाळूवर येत, आणि मग माणसांच्या दोन रांगा मागें रेलून तें जाळें ओढून काढीत. मालवण-वेंगुर्ल्याकडील वाचकांस हें वर्णन ओळखीचें वाटेल. आपल्याकडे हिलाच रापण म्हणतात.

१९५९ सालीं ह्याच कारिवेलाच्या वाळूवर एक भव्य हॉटेल उभें राहिलें. त्याचें नांव 'पेस एस्पादा', म्हणजे तलवारमासा. मालागाचा विमानतळ हाकेच्या अंतरावर असल्यामुळें इंग्लंड, जर्मनी, स्वीडन येथून सुटी घालविणाऱ्यांची रीघ लागली. पंधरा दिवसांसाठीं आलेल्यांपैकीं कांहींच्या मनांत उरलेलें आयुष्यच येथें काढावें असें येऊं लागलें, आणि हां हां म्हणतां त्या किनाऱ्यावर परदेशी पेन्शनरांच्या वसाहती झाल्या. टोरेमोलिनोसच्या पुढील बेनालमादेना, फुएंगिरोला ह्या गांवांची कथा ह्याहून निराळी नाहीं. आज तेथें वाळूनें भरलेल्या जुन्या होड्या किनाऱ्यावर ठेवलेल्या असतात. त्यांत विस्तव करून, बोरूच्या काडीला तारली ओवून भाजतात आणि गिऱ्हाइकांस वाढतात. पदार्थ उत्तम म्हणून त्याची ख्याति आहे. होडीची मात्र चूल झाली.

ह्या परदेशी म्हाताऱ्यांची थट्टा करणें फार सोपें आहे, व इंग्रजी वर्तमानपत्रांनीं ती मनसोक्त केलेली आहे. मला तींत रस नाहीं. ज्यानें चाळीस वर्षें मँचेस्टरच्या पावसांत कचेरीची वाट तुडविली त्यास अखेरच्या पंधरा-वीस वर्षांत ऊन मिळावें अशी इच्छा झाली, तर त्यांत हीन काय आहे? २००० सालीं किंग, वॉर्न्स आणि विल्यम्स ह्या तीन अभ्यासकांनीं तस्कनी, माल्टा, पोर्तुगालचा दक्षिण किनारा आणि हा स्पॅनिश किनारा अशा चार ठिकाणच्या ब्रिटिश निवृत्तांविषयीं 'सनसेट लाइव्ह्ज' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत हवामानाच्या जोडीला जीवनाच्या संथ गतीचें आकर्षण पुनःपुन्हा पुढें येतें. सांध्यांचें दुखणें आणि घाईचा कंटाळा हीं दोन्ही प्रामाणिक कारणें आहेत. माझ्याही सांध्यांस तीं पटतात.

कोणी म्हणेल कीं, आपल्या लोकांस ह्यांत नवें काय? वानप्रस्थ आपणच सांगितला, काशीवास आपणच केला. काशीच्या घाटांवर मराठी सरदारांचीं व गृहस्थांचीं नांवें आजही आहेत, आणि त्या घाटांच्या आसऱ्यानें शेंकडों महाराष्ट्रीय म्हाताऱ्यांनीं व विधवांनीं परमुलखांत शेवटचे दिवस काढले. साम्य आहे खरें. परंतु भेद अधिक महत्त्वाचा आहे. काशीवासी मरावयास जात असे आणि तसें उघड म्हणत असे. त्याच्या येण्यामागें जी श्रद्धा होती तीच त्या नगराचीही होती. येणारा आणि ठेवून घेणारा दोघे एकाच गंगेकडे एकाच दृष्टीनें पाहत. कोळ्यांच्या गांवांत ही एकवाक्यता नाहीं. कोळ्याला समुद्र म्हणजे मजुरी आणि धोका. पेन्शनराला समुद्र म्हणजे देखावा. स्पॅनिश कायद्यानें ह्या धंद्याची झीज ओळखून खलाशांस व मासेमारांस इतरांहून लवकर, कांहीं कामांत पंचावन्नाव्या वर्षींसुद्धां, निवृत्त होण्याची मुभा दिली आहे. म्हणजे एकाच बांकावर बसलेल्या दोन म्हाताऱ्यांपैकीं एकाचें शरीर त्या समुद्रानेंच दहा वर्षें आधीं मोडून काढलेलें असतें, आणि दुसरा त्याच समुद्रामुळें आपलें आयुष्य दहा वर्षें वाढेल ह्या आशेनें आलेला असतो. त्यांची दृष्टि एक व्हावी कशी?

अर्थशास्त्राच्या बाजूनें पाहिलें तर ह्या पाहुण्यांचा पक्ष बळकट आहे, हें येथेंच मान्य केलें पाहिजे. पेन्शन कोठल्या श्रमांतून निघतें आणि कोठें खर्च होतें, हा प्रश्न आपल्याइतका दुसऱ्या कोणास जिव्हाळ्याचा नसेल. हिंदुस्थानांतील चाकरी संपवून विलायतेस परतलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांचीं पेन्शनें येथल्या रयतेच्या करांतून जात, आणि दादाभाई नौरोजी ह्यांनीं संपत्तीच्या निःसारणाचा जो हिशेब मांडला त्यांत ह्या रकमांचा समावेश होता. स्पेनच्या किनाऱ्यावर तोच ओघ उलट दिशेनें वाहतो. श्रम लीड्सला झाले, पैसा फुएंगिरोलाच्या वाण्यास मिळतो. एवढेंच नव्हे, तर सरकारी पेन्शन घेणाऱ्या बहुतेक ब्रिटिश रहिवाशांच्या औषधोपचाराचा खर्चही ब्रिटिश सरकार स्पेनला भरून देतें. दादाभाईंनीं ही रक्कम निःसंशय स्पेनच्या जमेच्या बाजूस लिहिली असती.

मग तक्रार ती काय राहिली? पैसे देऊन घर घेतलें, पैसे देऊन भाकरी घेतली, दुखण्याचे पैसे परस्पर चुकते झाले, ऋण कसलें? ह्या युक्तिवादाला मी वरवरचा म्हणत नाहीं. पुष्कळ सज्जन लोक त्याच्यावर विसंबून सुखानें झोपतात. परंतु त्यांत म्हातारपणाविषयींची एक मूलभूत गोष्ट सुटून जाते. सिसरोनें वार्धक्यावरील आपला प्रसिद्ध संवाद इसवी सनापूर्वीं ४४ सालीं लिहिला आणि त्यांत वृद्ध केटोच्या तोंडून म्हातारपणाचें मंडन करविलें. वृद्धाला मिळणारा मान हें केटोला त्या वयाचें मोठें भूषण वाटतें. तें त्यास वाटणारच. तो रोमचा कॉन्सल आणि सेन्सॉर होऊन गेला होता. ज्या रस्त्यावर लोक उठून त्यास वाट देत त्या रस्त्यावर त्याचें सबंध आयुष्य गेलें होतें. त्याच केटोला कार्थेजमध्यें, किंवा समुद्रापलीकडच्या एखाद्या अनोळखी बंदरांत नेऊन बसविला असता, तर सिसरोला तो संवाद लिहितां आला असता काय? वृद्धाला जो आदर, जी सवड, जी क्षमा आपण देतों ती मागच्या श्रमांची फेड असते. तो हळू चालतो, तीच गोष्ट तिसऱ्यांदां सांगतो, रांगेंत पुढें जातो. आपण सोसतों, कारण कधीं काळीं त्यानें आपलें सोसलेलें असतें. परमुलखांत हा जमाखर्चच नाहीं. तेथें म्हातारा कोणाचाच म्हातारा नसतो.

पुन्हा रापणीकडे वळतों. आपल्या किनाऱ्यावर रापणीच्या दोरीला जो हात लावील त्यास मासळीचा कांहीं तरी वाटा मिळतो, अशी चाल आहे. स्पेनच्या किनाऱ्यावरही मासेमारांत मजुरी ठरवून देण्यापेक्षां आलेल्या मिळकतींतून खर्च वजा करून वांटे पाडण्याची जुनी पद्धत होती. वांटे सारखे नसत, जाळ्याच्या मालकाचा मोठा असे, आणि ओढणारे बहुधा उपाशीच राहत. त्या जीवनाचें काव्य करण्यांत अर्थ नाहीं. परंतु तत्त्व एवढेंच, कीं वाटा हातानें मिळे. कुळगोत्र किंवा जन्मगांव हे त्याचे आधार नव्हते. आणि हें तत्त्व परक्याच्या दृष्टीनें मोठें आशादायक आहे, कारण जन्मगांव बदलतां येत नाहीं. दोरीला हात मात्र कोणत्याही वयांत लावतां येतो.

येथें एक विचित्र अडचण उभी राहते. ब्रिटन २०२० सालीं युरोपीय संघांतून बाहेर पडलें. आधींपासून स्पेनमध्यें कायदेशीर राहणाऱ्यांचे हक्क राखण्यांत आले. परंतु नव्यानें येणाऱ्या इंग्रजास आतां परवाना काढावा लागतो, आणि पेन्शनरांच्या सोयीचा जो परवाना आहे त्याचें स्पॅनिश नांव मोठें मार्मिक आहे. त्याचा अर्थ 'बिनकमाईचा निवास' असा होतो. अर्जदारानें सरकारी प्रमाण-रकमेच्या चौपट उत्पन्न दाखवावयाचें, आजारपणाची तरतूद दाखवावयाची, आणि त्या देशांत पगारी काम किंवा धंदा करावयाचा नाहीं. नियमाचा हेतु सरळ आहे; तेथल्या तरुणांचें काम परक्यानें हिरावूं नये. तथापि परिणाम असा होतो, कीं ज्या गांवाची सारी ओळख श्रमाची त्या गांवांत, श्रम न करण्याची हमी देऊन एक मनुष्य प्रवेश करतो. ज्या गोष्टीमुळें वाटा मिळावयाचा ती गोष्ट न करणें हीच राहण्याची अट.

आपल्या शास्त्रांत देवऋण, ऋषिऋण, पितृऋण हीं तीन सर्वांस ठाऊक आहेत. शतपथब्राह्मणांत चौथें मनुष्यऋणही सांगितलें आहे, आणि आलेल्यास आसरा व अन्न दिल्यानें तें फिटतें. हें झालें घरधन्याचें. पाहुण्याचें कर्तव्य काय, ह्याविषयीं आपले ग्रंथ फारसे बोलत नाहींत, आणि त्याचें कारण 'अतिथि' ह्या शब्दाच्या परंपरागत व्युत्पत्तींत आहे: जो पुरती तिथिभर राहत नाहीं तो अतिथि. एका रात्रीच्या पाहुण्यास कर्तव्यें कोण सांगणार? पण जो वीस वर्षें राहतो, ज्याच्या येण्यानें गांवाची भाषा, बाजार आणि घरांच्या किंमती बदलतात, त्यास कोणत्या शब्दानें संबोधावें? तो अतिथि नाहीं, आणि जो दोरीला हात लावीत नाहीं त्यास गांवकरीही म्हणवत नाहीं.

घरांच्या किंमतींचा उल्लेख ओघांत आला. त्याविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण खरी बोच तेथेंच आहे. कोळ्यानें आपलें घर परदेशी माणसास विकलें तें कोणाच्या जुलमानें नव्हे. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानें कुजलेल्या दोन खोल्यांस त्याच्या बापानें स्वप्नांतही न पाहिलेली रक्कम मिळत होती, आणि मुलानें जाळें ओढूं नये अशी त्याचीच इच्छा होती. त्यानें विकलें तें शहाणपणानेंच विकलें. पण त्याच्या शेजारच्या मुलीचें लग्न झालें आणि तिला त्याच गल्लींत घर हवें होतें, तर तें आतां तिच्या नवऱ्याच्या मिळकतींत बसत नाहीं. ह्यांत अपराधी कोण? विकणारा नाहीं, घेणारा नाहीं, दलालही फारसा नाहीं. नीतिशास्त्राचीं बहुतेक पुस्तकें अपराधी शोधून शिक्षा सांगण्यासाठीं लिहिलेलीं असल्यामुळें अशा ठिकाणीं तीं गप्प बसतात. माझें म्हणणें असें आहे, कीं अपराध नसतांही ऋण उत्पन्न होऊं शकतें. ज्या बदलानें त्या मुलीचें घर गेलें त्याच बदलाचा लाभ ज्यास झाला, त्यानें पाप केलें नाहीं. पण तो तिच्या गांवाचें कांहीं तरी देणें लागतो, आणि तें देणें विक्रीच्या किंमतींत फिटलेलें नाहीं, कारण ती किंमत तिला मिळालेलीच नाहीं.

तें फेडावयाचें कसें? पहिली गोष्ट इतकी क्षुल्लक आहे कीं ती लिहितांना संकोच वाटतो. स्पेनमध्यें प्रत्येक नगरपालिकेकडे रहिवाशांची एक नोंदवही असते. तिला पाद्रोन म्हणतात. मध्यवर्ती सरकारकडून पालिकेस मिळणारी मदत तींतील नांवांच्या संख्येवर अवलंबून असते. आणि वर्षानुवर्षें राहणारे पुष्कळ परदेशी लोक तींत नांव घालीत नाहींत. कोणास कराची भीति वाटते, कोणास कागदांचा कंटाळा, कोणास मायदेशाशीं असलेला धागा तुटेल अशी शंका. नळ, दिवे, कचऱ्याची गाडी ह्यांचा भार त्यांच्यासकट पडतो. मदत त्यांच्यावांचून येते. एका सहीनें फिटणारें ऋणसुद्धां जेथें थकतें तेथें मोठ्या गोष्टी बोलण्यांत तात्पर्य नाहीं. त्यानंतर भाषा. कॅरेन ओरायली ह्या समाजशास्त्रज्ञ बाईंनीं फुएंगिरोला भागांत राहून तेथल्या ब्रिटिशांविषयीं २००० सालीं जो ग्रंथ लिहिला, त्यांत स्पॅनिश येत नसल्यानें आपल्याच मंडळांत राहणाऱ्यांचें चित्र आहे. साठीनंतर नवी भाषा कठीण, हें खरें. पण मासे विकणारीशीं चार वाक्यें बोलण्यापुरती भाषा येण्यास वय आड येत नाहीं, लाज आड येते.

मरणाच्या वेळीं ह्या सर्व गोष्टींची परीक्षा होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत मालागामध्यें मेलेल्या प्रॉटेस्टंट परक्यास तेथल्या स्मशानांत जागा नव्हती. रात्रीच्या वेळीं समुद्रकाठीं नेऊन त्यास वाळूंत उभें पुरीत, आणि पुढें लाटा व कुत्रीं त्याची विटंबना करीत, असें सांगतात. विल्यम मार्क नांवाच्या ब्रिटिश कौन्सलनें खटपट करून १८३१ सालीं तेथें इंग्रजी दफनभूमि मिळविली. आज ती बागेसारखी सुंदर आहे. परक्याला किनाऱ्यावर सर्वांत शेवटीं मिळालेला हक्क तो हा.

ह्या दफनभूमींत जेराल्ड ब्रेनन ह्या इंग्रज लेखकाची रक्षा आहे. हा १९१९ च्या सुमारास स्पेनमध्यें आला आणि मधलीं बरींच वर्षें सोडल्यास तेथेंच राहिला. आधीं डोंगरांतल्या येगेन गांवीं, मग टोरेमोलिनोसजवळच्या चुर्रियाना येथें, आणि पत्नी १९६८ सालीं वारल्यानंतर अलाउरीन एल ग्रांदे येथें. हे गांव कोळ्यांचे नव्हेत, समुद्रापासून आंत आहेत. पण प्रश्न तोच आहे. त्यानें स्पेनच्या यादवीचीं मुळें शोधणारा 'द स्पॅनिश लॅबिरिंथ' हा ग्रंथ १९४३ सालीं प्रसिद्ध केला. फ्रँकोच्या राज्यांत त्यावर बंदी होती. स्पॅनिश भाषांतर १९६२ सालीं पॅरिसमध्यें छापावें लागलें. १९८४ सालीं, नव्वदीच्या घरांत, त्यास लंडननजीक पिनर येथील वृद्धाश्रमांत नेण्यांत आलें. तेव्हां स्पेनमध्यें एकच गवगवा झाला. वर्तमानपत्रांनीं विषय उचलला, अलाउरीनच्या लोकांनीं 'आमचा म्हातारा परत द्या' असा धोशा धरला, तेथल्या सरकारी मंडळींनीं शुश्रूषेची जबाबदारी पत्करली, आणि त्यास परत आणण्यांत आलें. तो जानेवारी १९८७ मध्यें तेथें वारला. देह त्यानें वैद्यकीय विद्यालयास देऊं केलेला होता. रक्षा पत्नीशेजारीं पोंचली ती २००१ सालीं. स्वतःच्या देशानें व्यवस्थित सोय केलेला एक परका म्हातारा, परक्या गांवानें हक्क सांगून परत मागितला, असें उदाहरण माझ्या माहितींत दुसरें नाहीं.

परंतु ब्रेनन ग्रंथकार होता. ग्रंथ सर्वांना लिहितां येत नाहींत, आणि येऊं लागले तर गांवांवर नवेंच संकट येईल. म्हणून मला दुसरें एक उदाहरण अधिक मोलाचें वाटतें. जोन हंट ही इंग्रज बाई पतीसह ह्याच किनाऱ्यावर येऊन राहिली होती. पति १९९१ सालीं कर्करोगानें वारला. असाध्य रोग्याच्या अखेरच्या दिवसांतील वेदना कमी करणारी शुश्रूषा त्या भागांत जवळजवळ नव्हतीच. स्पेनमध्यें म्हाताऱ्यांची सेवा परंपरेनें घरच्या लेकीसुनांनीं करावयाची. पण वेदनाशमनाचें शास्त्र लेकीसुनांस कोठून येणार, आणि परदेशी माणसाच्या लेकी तर समुद्रापलीकडे. ती मायदेशीं परत गेली असती तर कोणी दोष दिला नसता. जोडीदार गेल्यावर घर विकून परतणारे पुष्कळ असतात. तिनें १९९२ सालीं 'कुडेका' ही संस्था काढली. पुढें बेनालमादेना येथें तिचें रुग्णालय झालें. रोग्याकडून पैसे घेत नाहींत, आणि तो कोणत्या देशाचा हें विचारीत नाहींत. स्पॅनिश घरांतही संस्थेच्या परिचारिका जातात. खर्चाचा एक भाग जुने कपडे, भांडीं, पुस्तकें विकणाऱ्या दुकानांतून निघतो. त्या दुकानांच्या गल्ल्यावर बिनपगारी बसणाऱ्यांत पुष्कळ परदेशी पेन्शनर आहेत, आणि 'बिनकमाईच्या निवासा'चा नियम त्यांस ह्या कामापासून अडवीत नाहीं.